नदीला तिचं काम करू द्या

पुणेकरहो, पिंपरी-चिंचवडकरहो,

तुम्ही हे वाचत असाल तेव्हा मुळेच्या नाहीतर मुठेच्या काठावर कुठेतरी पोकलेन चालू असेल. त्याच्या एका फेरीत काठाची जी माती उपसली जाते, ती तिथे साठायला कित्येक पिढ्या गेल्या आहेत. वाळुंजाचं जे झाड आडवं होतं, त्याच्या मुळांनी तो काठ आजवरच्या पुरांत धरून ठेवलेला असतो. वेळ थोडा आहे म्हणून मागणं आधीच मांडते. शहराचं मैलापाणी नदीत जायचं पूर्ण थांबेपर्यंत काठावरचे नवे भराव आणि बांध थांबवा. मुळा आणि रामनदीच्या संगमाजवळचं काठावरचं रान आहे तसं राहू द्या. आणि धरणांतून बारा महिने थोडं तरी पाणी नदीत सोडा. या तीन मागण्या दोन्ही महापालिकांकडे आणि जलसंपदा विभागाकडे लेखी जायला हव्यात, तुमच्या सहीनं जायला हव्यात, आणि पावसाळ्याच्या आत जायला हव्यात.

आता त्यामागचं कारण.

एका जानेवारीत मी माझ्या भाच्याला घेऊन मुठा खोऱ्यातल्या एका ओढ्यावर गेले होते. तो आठ वर्षांचा. पाणी घोट्याइतकं. हातात मावेल असा एक दगड उचलून उलटा कर, असं त्याला सांगितलं. दगडाला बोट लावताच तो म्हणाला, "मावशी, हा बुळबुळीत आहे." मग हळूहळू त्याला दिसायला लागलं. दगडाला पोटानं चिकटलेले, तीन शेपट्यांचे चपटे किडे. वाळूचे कण एकमेकांना जोडून केलेली गव्हाच्या दाण्याएवढी नळी, आणि तिच्यातून डोकं बाहेर काढणारी अळी. टाचणी नावाच्या चतुरासारख्या किड्याचं पाण्यात वाढणारं पिल्लू. आम्ही पांढऱ्या ताटलीत थोडं पाणी घेऊन एकेकाला त्यात सोडलं, मोजलं, परत सोडून दिलं. नऊ प्रकारचे जीव होते, एका दगडाखाली.

परतताना संध्याकाळी शहरात नदीपात्रात उतरलो. तेवढाच दगड उचलला. खाली काळा गाळ, सडक्या अंड्यांचा वास, आणि एकाच प्रकारचा जीव: रक्तासारख्या लाल अळ्या, वळवळणाऱ्या, मोजता येणार नाहीत इतक्या. त्या लाल असतात कारण त्यांच्या अंगात आपल्या रक्तातल्यासारखं हिमोग्लोबिन असतं. जिथे प्राणवायू जवळजवळ नाहीच अशा गाळात जगायचं तर तो मिळेल तेवढा धरून ठेवावा लागतो. भाच्यानं विचारलं, "बाकीचे कुठे गेले?"

त्याला मी जे उत्तर दिलं, तेच तुम्हाला देते आहे.

नदी वाहते एवढंच आपल्याला दिसतं. पण वाहता वाहता ती एक काम करत असते आणि ते काम मुख्यतः दगडांवर, दगडांखाली आणि काठात चालतं. दगडावरचा तो बुळबुळीत थर म्हणजे जिवाणू, बुरशी आणि शेवाळ यांची वस्ती. पाण्यातून आलेली घाण हे त्यांचं अन्न. ते पचवायला त्यांना प्राणवायू लागतो, आणि तो मिळतो खळाळातून. उथळ पाणी दगडांवर आपटतं, फुटतं, पांढरं होतं, तेव्हा हवा त्यात मिसळते. उन्हाळ्यातल्या कोमट पाण्यात एका लिटरला जेमतेम ७-८ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. मासे नीट जगायचे तर त्यातला निदान ४-५ मिलिग्रॅम शिल्लक राहायला हवा. म्हणजे नदीजवळची पुंजी फार लहान आहे. घाण वाढली की जिवाणू ती पुंजी काही तासांत संपवतात. खळाळ असले तर ती पुन्हा भरते, नसले तर भरत नाही. मैलाशुद्धीकरण केंद्रात काय करतात ते एकदा जाऊन पाहा. टाकीत हवा फुंकतात आणि जिवाणू पोसतात. खळाळ तेच करतो, विजेच्या बिलाशिवाय.

आणखी एक काम तर डोळ्यांना दिसतच नाही. नदीचं पाणी फक्त तळावरून वाहत नाही. ते गोट्या-वाळूच्या फटींतून खाली शिरतं, काही अंतर खालून जातं आणि पुढे पुन्हा वर येतं. वरच्या थरात प्राणवायू असतो, तिथले जिवाणू मैल्यातल्या अमोनियाचं नायट्रेट करतात. थोडं खाली प्राणवायू संपतो. तिथे दुसरे जिवाणू असतात, ते त्या नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडून देतात. दोघांची घरं वितभर अंतरावर, आणि पाणी एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिलं तरच हे जमतं. तळावर गाळाचा लेप बसला किंवा सिमेंट पडलं की दार बंद. मग ते नायट्रेट तसंच पुढे जातं, जलपर्णीला खतासारखं मिळतं, आणि आपण दरवर्षी जलपर्णी काढायची निविदा काढत बसतो.

काठाचंही असंच. पावसाळ्यात मातीचा काठ पाणी पितो आणि उन्हाळ्यात ते झऱ्यांनी थेंब थेंब परत देतो. दख्खनच्या कातळावर पुणं वसलेलं आहे. या कातळाच्या झिजलेल्या थरांत आणि भेगांत पाणी मुरतं आणि जिथे वाट मिळेल तिथे नदीकाठाला बाहेर येतं. जुन्या माणसांना असे झरे ठाऊक आहेत, पात्रात कुठे पाय टाकला की पाणी गार लागतं हे ते सांगू शकतात. काठावरचे वाळुंज, करंज, जांभूळ, उंबर पाण्यावर सावली धरतात. पाणी गार राहिलं की त्यात प्राणवायू जास्त मावतो. शिवाय पानं पडतात. त्या पानांवर आधी बुरशी चढते, पान मऊ होतं, मग किडे ते कुरतडतात, त्यांनी केलेला चुरा पुढच्या खळाळातल्या अळ्या जाळ्यांनी गाळून खातात, अळ्यांना मासे खातात, माशांना खंड्या. उंबराचं एक पान नदीत पडलं की इतक्यांच्या पोटातून जातं. आपण मात्र पाचोळा म्हणजे कचरा समजून काठावर हिरवळीचे गालिचे अंथरतो.

नदी जिवंत करायची म्हणजे ही कामं पुन्हा सुरू करायची. माझ्या या साऱ्या लिहिण्यात सांगण्यासारखं एवढंच आहे.

मुळा-मुठा कायम अशीच होती असं मानणाऱ्यांसाठी थोडं मागचं. कर्नल साइक्स नावाचा इंग्रज अधिकारी १८३०च्या सुमारास दख्खनमध्ये फिरून नोंदी करत होता. १८३९ साली त्यानं इथल्या माशांवर प्रबंध लिहिला, त्यात पुण्यापाशी मुळा-मुठेत सापडलेल्या माशांचीही वर्णनं आहेत. शास्त्राला नवे असलेले मासे आपल्या या नदीतून जगापुढे गेले. आज त्या पात्रात गळ टाकला तर बहुधा चिलापी लागेल, आफ्रिकेतून आलेली, कमी प्राणवायूत तग धरणारी. १९८४ साली प्रकाश गोळे यांनी मुळा-मुठेच्या पक्ष्यांवर निबंध प्रसिद्ध केला तेव्हा त्याच्या शीर्षकातच ही नदी प्रदूषित असल्याचं सांगावं लागलं होतं. त्याला चाळीस वर्षं झाली. आजही बंडगार्डनच्या खाली शेकाटे शेकड्यांनी दिसतात, आणि लोक म्हणतात, बघा, पक्षी आहेत म्हणजे नदी ठीक आहे. शेकाटे तिथे येतात त्या लाल अळ्यांसाठी. पक्षी किती आहेत यापेक्षा कोणते आहेत आणि काय खायला आले आहेत, हे बघायला हवं.

वरच्या अंगाला खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चार धरणं मिळून सुमारे २९ टीएमसी पाणी साठवतात. ते शहराच्या नळांना आणि कालव्याला जातं. पावसाळा सोडला तर धरणाच्या खाली मुठेत तिचं स्वतःचं पाणी जवळजवळ उरत नाही. उरतं ते आपण वापरून टाकलेलं. नदी स्वच्छ करण्यासाठी ९९० कोटींचा, ११ शुद्धीकरण केंद्रांचा प्रकल्प २०१६ साली मंजूर झाला, आपण त्याला जायका प्रकल्प म्हणून ओळखतो. तरीही मैलापाणी आजही नदीत मिसळतं आहे, आणि २०२१ साली महापालिकेत आलेल्या २३ गावांच्या सांडपाण्याची भर पडतेच आहे. दुसरीकडे काठ सुधारणेचा प्रकल्प, सुमारे ४४ किलोमीटरचा, ४,७०० कोटींहून अधिक खर्चाचा, त्याचं भूमिपूजन ६ मार्च २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झालं, आणि त्याची कामं मात्र जोरात पुढे गेली. अंगण सारवून झालं आणि घरातला उकिरडा तसाच, असं हे झालं. क्रम उलटा आहे, आणि माझा मुख्य आक्षेप या क्रमालाच आहे.

प्रकल्पाच्या बाजूनं बोलणारी माणसं वाईट नाहीत. त्यांना नदीकाठी चालायला जागा हवी आहे. सकाळी आजी-आजोबांना बसायला बाक हवा, मुलांना सायकल चालवायला वाट हवी, राडारोडा आणि झोपड्यांआड दडलेली नदी पुन्हा दिसायला हवी. या इच्छेचा मी मनापासून आदर करते. काठावरून चालणारी माणसं ही नदीची सगळ्यात चांगली राखणदार असतात. पण पायवाट मातीचीही होते, ती झाडांमधून वळत जाऊ शकते, आणि पुराच्या निळ्या रेषेच्या बाहेर राहू शकते. त्यासाठी पात्राचा आकार बदलावा लागत नाही.

आकार बदलला की काय होतं आणि तो परत आणायला काय किंमत पडते, याचा एक पुरावा आहे. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात किसिमी नावाची नदी आहे. १६६ किलोमीटर लांबीची, नागमोडी, दोन्ही बाजूंना मैलोगणती दलदल घेऊन फिरणारी. १९४७ साली तिथे मोठे पूर आले. लोकांनी उपाय मागितला, आणि लष्करी अभियंत्यांनी १९६२ ते १९७१ या काळात तिचा ९० किलोमीटरचा सरळसोट कालवा केला. पाणी झटकन वाहून जायला लागलं. पूर उतरले. आणि नदी गेली. कालव्याच्या खोल, संथ पाण्यात प्राणवायू टिकेना. जुनी वळणं तशीच पडून होती, त्यांच्यातलं वाहणं थांबलं आणि तळाच्या पांढऱ्या वाळूवर कुजक्या वनस्पतींचा जाड लेप बसला. हिवाळ्यात येणारी बदकं ९० टक्क्यांहून अधिक घटली. काम पूर्ण होतं न होतं तोच लोक ते उलटं करा म्हणून मागणी करायला लागले.

उलटं करायला १९९९ साल उजाडलं आणि ते काम संपलं २०२१ साली. कालव्याचा सुमारे ३५ किलोमीटरचा पट्टा उपसलेल्याच मातीनं परत बुजवला, म्हणजे पाण्याला जुन्या वळणांतून जावंच लागलं. आणि मग जे झालं ते फार सुंदर आहे. वाहत्या पाण्यानं तळाचा कुजका लेप स्वतःच धुऊन नेला. खालची वाळू उघडी पडली, वळणांच्या आतल्या बाजूला वाळूचे नवे उंचवटे तयार झाले. प्राणवायू वाढला. प्रवाहात जाळी लावून बसणारे किडे आले. बगळे आणि शराटी परतले, आणि बदकंही. कुणी तिथे मासे आणून सोडले नाहीत की पक्षी आणून ठेवले नाहीत. पाण्याला वाहायला आणि पसरायला जागा दिली, बाकीचं नदीनं केलं. सगळंच पूर्वीसारखं झालं असं नाही. नदीचा मोठा भाग अजूनही कालवाच आहे. खर्च मात्र पाहा: कालवा खणायला तीन-साडेतीन कोटी डॉलर लागले होते, निम्म्याहून कमी बुजवायला जवळजवळ शंभर कोटी. आपण आज काठावर जे करू, ते काढायचा खर्च आपली नातवंडं भरतील.

उलट बाजूचाही पुरावा आहे आणि तो आपल्यासारख्या नदीप्रेमींनीही नीट ऐकायला हवा. मार्गारेट पामर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली नद्या-ओढे सुधारण्याच्या ७८ प्रकल्पांची आकडेवारी तपासली. या प्रकल्पांत पात्राला वळणं दिली होती, दगड टाकले होते, तळ खडबडीत केला होता. म्हणजे नदी नदीसारखी दिसावी म्हणून जे करायचं ते सारं केलं होतं. त्यांतल्या फक्त दोन ठिकाणी दगडाखालच्या जिवांची विविधता खात्रीनं वाढलेली आढळली. एवढे कष्ट का वाया गेले? बहुधा पाणी घाणच राहिलं होतं, वरच्या अंगाची जमीन तशीच बांधकामांनी भरलेली होती, पाऊस पडला की सगळं गटारात आणि गटारातून नदीत, हा ओघ तसाच होता. चांगल्या हेतूनं नदीला चांगलं रूप देऊनही तिचं काम सुरू होत नाही, हे यातून कळतं. मग मैलापाणी चालू ठेवून रूपही बिघडवलं तर काय उरेल?

जर्मनीत एम्शर नदीचं किसिमीपेक्षाही वाईट झालं होतं. खाणी आणि कारखान्यांच्या प्रदेशातली ती नदी शंभर वर्षं सिमेंटच्या चरातलं उघडं गटार होती. १९९२ साली त्यांनी ठरवलं, आणि आधी जमिनीखालून चारशे किलोमीटरहून लांब मैलावाहिन्या टाकल्या. २०२१च्या अखेरीला नदीतलं मैलापाणी थांबलं. जिथे जिथे ते आधी थांबलं, तिथे सिमेंट फोडून काठ मोकळे केले. त्याच देशात म्युनिक शहराच्या मधून वाहणाऱ्या इसार नदीचा ८ किलोमीटरचा पट्टा २००० ते २०११ या काळात मोकळा केला. तिथेही सरळ बांधलेले काठ होते, ते काढले, पात्र रुंद केलं, गोट्यांचे किनारे होऊ दिले. पूर पेलायची ताकद वाढली आणि लोक तिथे पोहायला लागले, कारण वरच्या गावांच्या शुद्धीकरण केंद्रांतही जंतू मारायची सोय केली होती. पुण्याला नदीकाठी माणसं हवी असतील तर हा रस्ता आहे.

पुराविषयी बोलताना मला जपून बोलावं लागतं, कारण या शहरानं पाण्यात माणसं गमावली आहेत. १२ जुलै १९६१च्या पानशेत पुराची आठवण असलेली माणसं अजून आपल्यात आहेत. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुरानं काय केलं ते तर कालपरवाचं आहे. २५ जुलै २०२४ला खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेक पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीतल्या घरांत ते शिरलं. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, असं आपण नकाशावर आखतो. नकाशावर रेषा आखली तरी नदीला जागा लागतेच. काठावर भराव घालून पात्र अरुंद केलं आणि तळ खणून ते पाणी मावेल असं गणित मांडलं, तरी तळ पुढच्या दोन-चार पुरांत गाळानं पुन्हा भरतो. भराव मात्र तिथेच राहतो. काठावरचं रान, उथळ दांड, सखल मोकळी जागा ही पुराची विश्रांतीची ठिकाणं आहेत. पाणी तिथे पसरतं, मंदावतं, गाळ टाकतं, जमिनीत मुरतं. नदीच्या दृष्टीनं ही जागा रिकामी पडलेली नाही.

म्हणून रामनदी आणि मुळेच्या संगमापाशी जे थोडं रान उरलं आहे, त्यासाठी मी हात जोडते. फेब्रुवारी २०२५मध्ये लोक तिथे जमले, झाडांना कवटाळून उभे राहिले, त्याआधी एप्रिल २०२३मध्येही नदीकाठच्या झाडांसाठी पुणेकर रस्त्यावर उतरले होते. 'एक झाड तोडलं तर दहा लावू' असं उत्तर त्यांना ऐकावं लागतं. वाळुंजाच्या एका जुन्या झाडाची मुळं पाण्याखाली लोंबतात, त्यांच्या जाळीत माशांची पिल्लं वाढतात, त्याच्या पोकळीत पिंगळे राहतात. डोंगरउतारावर खड्ड्यात लावलेली दहा रोपं यातलं काहीच करू शकत नाहीत. त्यांना तिथे पाणीच नाही.

आणि ही गोष्ट केवळ पुण्याची नाही. मुळा-मुठा रांजणगाव सांडसला भीमेला मिळते. भीमा उजनीत जाते. उन्हाळ्यात उजनीचं पाणी हिरवं होतं, त्या हिरवेपणाला आपल्या मोऱ्यांतून गेलेलं नत्र आणि स्फुरद पोसतं. उजनीतून सोलापूरच्या नळाला पाणी जातं. उजनीतून सोडलेल्या पाण्यातच पंढरपूरला चंद्रभागेत वारकरी स्नान करतात. इकडे आळंदीला इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगताना आपण दरवर्षी पाहतो. माऊलींच्या पालखीला आपण पुण्यात वाट करून देतो, वारकऱ्यांना जेवू घालतो, पाय दाबून देतो. त्याच वारकऱ्यांच्या तांब्यात पंढरपूरला आपण काय पाठवतो?

मी हे स्वतःला वगळून लिहीत नाही. आमच्या सोसायटीत शुद्धीकरणाचं यंत्र आहे, आणि वीजबिल वाचावं म्हणून ते कितीतरी महिने बंद होतं. मला ते माहीत होतं. सभेत विषय काढायला मी दोन वर्षं घेतली. विषय काढल्यावर कुणी विरोध केला नाही, कुणी विचारलंच नव्हतं एवढंच. आता ते चालतं आणि त्याच्या पाण्यावर बाग जगते. तुमच्या सोसायटीच्या पुढच्या सभेत हा एक प्रश्न विचारा: आपलं यंत्र चालू आहे का, त्याचं पाणी कुठे जातं? यंत्रच नसेल तर सोसायटीचं मैलापाणी कुठल्या वाहिनीला जोडलं आहे ते क्षेत्रीय कार्यालयात लेखी विचारा. पावसाळी गटाराला जोडलेलं निघालं तर ते सरळ ओढ्यात जातं आहे, हे समजा.

घराचं नूतनीकरण करत असाल तर ठेकेदाराला राडारोडा कुठे टाकणार ते विचारा आणि त्याची पावती मागा, कारण रात्री ट्रकांतून नदीकाठी रिकामा होणारा तो ढीग आपल्याच भिंतींचा असतो. तुमच्या भागातल्या ओढ्यावर गाळ काढायला यंत्र आलं तर जाऊन बघा. पुलाखाली अडकलेला प्लास्टिकचा गठ्ठा काढणं आणि ओढ्याचा सगळा तळ खरवडून त्याचा सपाट चर करणं यात फरक आहे. दुसरं चाललं असेल तर फोटो काढा आणि अर्ज द्या. वृक्षारोपणाला बोलावलं तर जा, पण नदीकाठी गुलमोहर नको म्हणा. वाळुंजाची फांदी ओल्या काठात खोवली तरी मूळ धरते.

नगरसेवकांना आणि आमदारांना भेटाल तेव्हा 'नदी स्वच्छ करा' असं म्हणू नका, त्यावर सगळेच हो म्हणतात. आकडा विचारा. आपल्या प्रभागातलं किती मैलापाणी शुद्ध न होता नदीत जातं, ते कधी थांबणार, तारीख सांगा. पाण्यातला प्राणवायू दर महिन्याला कुठे कुठे मोजतात आणि त्याचा फलक नदीकाठी का लावत नाहीत? अंघोळीसाठी पाणी योग्य ठरायला एका लिटरमागे निदान ५ मिलिग्रॅम प्राणवायू असावा असा निकष आहे. मुळा-मुठेच्या संगमावर आज तो किती आहे, हे प्रत्येक पुणेकराला ठाऊक असायला हवं. ठाऊक झालं तर 'पुनरुज्जीवन' या शब्दाचा हिशेब आपल्यालाच मांडता येईल.

अभियंत्यांनो, तुमच्यातल्या अनेकांना हे सगळं माझ्यापेक्षा चांगलं कळतं. काठ न बांधता सोडलेला एखादा किलोमीटर आराखड्यात दाखवा. त्याच्यासाठी भांडायला आम्ही तुमच्या मागे उभे राहू.

आणि शिक्षकांनो, पालकांनो, एका रविवारी मुलांना घेऊन ओढ्यावर जा. रामनदीच्या वरच्या अंगाला जा, खडकवासल्याच्या मागे जा. सकाळी जा, पाऊस नसताना जा, धरणातून विसर्ग चालू असेल तर पाण्यात अजिबात उतरू नका. बरोबर पांढरी ताटली, वही आणि पेन्सिल असू द्या. घोट्याइतक्या पाण्यातला एक दगड उलटा करा, खाली किती प्रकारचे जीव आहेत ते मोजा, तारीख आणि जागा लिहा, दगड होता त्याच बाजूनं परत ठेवा. मग शहरात येऊन तेच करा, हात साबणानं धुवा, आणि दोन्ही आकडे एका कागदावर शेजारी शेजारी लिहून वर सांगितलेल्या तीन मागण्या त्याखाली लिहा. मुलांच्या सह्या घ्या, तुमची करा. महापालिकेच्या आवक-जावक कक्षात तो कागद द्या आणि पोचेवर शिक्का मारून घ्या.